ध्वनिलहरींचा विषय नेमका कोणाचा? फाउंड्रीत प्रोब धरणाऱ्याचं उत्तर

प्रश्न असा आहे: "मी कोल्हापुरात बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला ध्वनीवर एकच प्रकरण आहे आणि ते ऑप्शनला टाकलं तरी पेपर सुटतो. पण सोनोग्राफी, भूकंप, पाणबुडी, नाट्यगृह, मोबाइल, जिकडं बघावं तिकडं ध्वनिलहरी निघतात. मग हा विषय नेमका कोणत्या शाखेचा? आणि यात पुढं काही करता येईल का?"

आधी माझी बाजू सांगतो. मी शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या फाउंड्र्यांत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांत, कास्टिंगची (ओतून केलेल्या भागांची) अल्ट्रासोनिक तपासणी करतो. प्रोब टेकवून कानाला ऐकू न येणारी ध्वनिलहर आत सोडायची आणि तिचा इको झेलायचा, असं हे काम. उसाचा हंगाम संपला की साखर कारखान्यांत मिल रोलरचे शाफ्ट आणि बॉयलरच्या नळ्या तपासायला जातो. त्यामुळं माझं उत्तर लोखंडाच्या बाजूला झुकलेलं असणार, ते धरूनच वाचा.

हा विषय माध्यमाप्रमाणं वाटला गेला आहे. लोखंडात लहर सोडली की ती आमच्या खात्यात येते, पोटात सोडली की रेडिओलॉजिस्टच्या, समुद्रात सोडली की नौदलाच्या आणि मच्छीमारांच्या. जमिनीतून आली की भूकंपशास्त्रज्ञ ती उचलतात. पण कुठल्याही खात्यातला माणूस घ्या, तो तीनच गोष्टींशी झगडत असतो. त्या माध्यमात लहर किती वेगानं जाते? एक माध्यम संपून दुसरं लागतं तिथं तिच्यातली किती ऊर्जा मागं फिरते? आणि जे बघायचं आहे त्याच्या मानानं तिची तरंगलांबी केवढी आहे? शाखांची यादी पाठ करण्यापेक्षा हे तीन प्रश्न पक्के करा. बाकीचं बहुतेक शब्दांचं वेगळेपण असतं.

वेगापासून सुरुवात करू. हवेत २० अंश तापमानाला ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो, पाण्यात साधारण १,४८० आणि पोलादात ५,९००. पोलाद हवेपेक्षा जड, मग त्यात लहर रेंगाळायला हवी, असं बऱ्याच जणांना वाटतं. घनता वाढली की वेग कमी होतो हे खरंच आहे, पण पोलादाचा ताठरपणा घनतेपेक्षा कितीतरी जास्त पटींनी वाढलेला असतो आणि वेग या दोघांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावर ठरतो. म्हणजे वेग मोजला की पदार्थ आतून किती ताठ आहे ते कळतं. आमचा अर्धा धंदा या एका वाक्यावर चालतो.

एसजी आयर्नचं, म्हणजे गोळीदार ग्राफाइटच्या ओतीव लोखंडाचं, उदाहरण घेऊ, कारण कोल्हापुरात ते रोज ओतलं जातं. साध्या ग्रे आयर्नमध्ये ग्राफाइट पापुद्र्यांच्या रूपात असतं. वितळलेल्या धातूला मॅग्नेशियमची ट्रीटमेंट दिली की तेच ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात जमतं आणि लोखंड चिवट होतं. अडचण अशी की मॅग्नेशियम टिकत नाही. ट्रीटमेंट झाल्यावर लॅडल (वितळलेल्या धातूचं भांडं) थांबून राहिली, मोल्ड लाइन (साच्यांची रांग) अडकली, तर मिनिटागणिक ते जळत जातं. पहिले साचे झकास निघतात आणि शेवटच्या दोन-तीन साच्यांत गोळ्या बिघडलेल्या असतात. वरून बघितलं तर सगळे जॉब, म्हणजे ओतलेले नग, सारखेच. वजनही सारखं.

अशा वेळी जॉबवरची एखादी समांतर बाजूंची जागा शोधायची आणि व्हर्नियरनं तिची जाडी मोजायची. समजा ४० मिलिमीटर आली. आता थिकनेस गेजमध्ये, म्हणजे लहरीच्या जाण्यायेण्याच्या वेळेवरून जाडी काढणाऱ्या यंत्रात, पोलादाचा वेग, ५,९२० घालून तीच जागा मोजायची. गेज बिचारं समजतं की समोर पोलाद आहे. लोखंडात लहर थोडी हळू गेल्यामुळं ते जाडी जास्त दाखवतं. ४२.३ दाखवली तर खरा वेग ५,९२० गुणिले ४० भागिले ४२.३, म्हणजे सुमारे ५,६००. हा चांगला एसजी. त्याच जागेला ४५.५ दाखवलं तर वेग ५,२०० च्या घरात जातो आणि तो जॉब बाजूला काढायचा. पापुद्रे लोखंडाचा ताठरपणा खातात, म्हणून वेग पडतो. साधारण ५,५०० च्या आसपास रेषा आखतात, पण ती दुसऱ्याकडून उसनी घेऊ नये. आपल्याच कास्टिंगचे तुकडे कापून, घासून, मायक्रोस्कोपखाली गोळ्या मोजून स्वतःची रेषा ठरवावी. कास्टिंगची जाडी आणि त्याची घडण बदलली की आकडाही सरकतो.

जुने कामगार हेच काम हातोडीनं करतात. जॉब टांगायचा आणि टोला द्यायचा. एसजी खणखणतं आणि आवाज रेंगाळतो, ग्रे आयर्न 'बद्द' वाजून गप्प होतं. पापुद्रे कंपनाची ऊर्जा गिळून टाकतात, म्हणून लेथचा बेड ग्रे आयर्नचा करतात, मशीन थरथरत नाही. वैद्यकातही ही रीत जुनी आहे. व्हिएन्नाच्या औएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये छातीवर बोटानं टिचकी मारून फुफ्फुसाभोवती पाणी साचलंय का ते ओळखायची पद्धत छापली. ते खानावळवाल्याचे चिरंजीव, दारूच्या पिंपात किती माल उरलाय ते ठोकून बघायची सवय घरातलीच. डॉक्टर अजूनही तसं ठोकतात.

वेगाचं गणित इतरत्र कसं चालतं ते दोनच ठिकाणी दाखवतो. काँक्रीटमध्ये एका बाजूनं स्पंद सोडून दुसऱ्या बाजूला झेलतात. जुन्या भारतीय मानक १३३११ प्रमाणं (२०१८ मध्ये त्याची जागा नव्या मानकानं घेतली) वेग सेकंदाला ४.५ किलोमीटरच्या वर असला तर काँक्रीट उत्तम, ३.५ ते ४.५ चांगलं, ३ ते ३.५ मध्यम आणि ३ च्या खाली शंकास्पद. पुराच्या पाण्यात राहिलेल्या इमारतीचे कॉलम बघायला हेच यंत्र येतं. दुसरं ठिकाण डोळा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी बसवायच्या लेन्सचा नंबर काढायला डोळ्याची पुढून मागंपर्यंतची लांबी लागते, साधारण साडेतेवीस मिलिमीटर. ती ध्वनिलहरीनं मोजण्याचं जे यंत्र आहे ते उघडून बघितलंत तर आमचं थिकनेस गेजच आहे, फक्त फ्रिक्वेन्सी जास्त आणि प्रोब नाजूक. तिथं लांबी एक मिलिमीटरनं चुकली तर चष्म्याचा नंबर अडीच-तीननं चुकतो. आता बऱ्याच दवाखान्यांत हे मोजमाप प्रकाशानं करतात, पण मोतीबिंदू फार दाट असला की प्रकाश आत जात नाही आणि ध्वनीकडंच यावं लागतं.

दुसरा प्रश्न सीमेचा. प्रत्येक माध्यमाचा लहरीला एक विरोध असतो, घनता गुणिले वेग. दोन माध्यमांच्या या विरोधात जेवढा फरक, तेवढी लहर मागं फिरते. पोलाद आणि पाणी यांच्या सीमेवर सुमारे ८८ टक्के ऊर्जा परतते. पोलाद आणि हवा यांच्यात तर जवळजवळ सगळीच. म्हणून प्रोब आणि जॉब यांच्यात केसाएवढा हवेचा थर राहिला तरी स्क्रीन कोरी. आम्ही मध्ये ऑइल किंवा ग्रीस लावतो, सोनोग्राफीवाले जेल लावतात. कारण एकच. गरोदर बाईला पाणी पिऊन, लघवी धरून बसायला सांगतात त्याचंही मूळ इथंच आहे. भरलेलं मूत्राशय हवेनं भरलेल्या आतड्यांना बाजूला सारतं आणि लहरीला आत जायला पाण्याची खिडकी मिळते.

आमच्या दृष्टीनं ही गोष्ट वरदान आहे. कास्टिंगमधल्या भेगेची फट कितीही बारीक असो, तिच्यात हवा असते आणि ती लहर परतवते. पोलादात ५० मिलिमीटर खाली जाऊन परत यायला लहरीला सुमारे १७ मायक्रोसेकंद लागतात. स्क्रीनवर त्या ठिकाणी तळाचा इको उभा राहतो. त्याच्या अलीकडं दुसरा इको दिसला तर मध्ये काहीतरी आहे.

इथं नवी मुलं एक गोष्ट विसरतात. भेग लहरीच्या वाटेला समांतर उभी असेल तर तिच्यावर काही आपटतच नाही आणि इकोही येत नाही. म्हणून ४५, ६० आणि ७० अंशांचे तिरपे प्रोब असतात. श्रिंकेज, म्हणजे धातू थिजताना आकसून राहिलेली पोकळी, स्पंजासारखं विखुरलेलं असेल तर तेही स्वच्छ इको देत नाही, लहर इकडंतिकडं पांगवतं. अशा वेळी मी दोषाचा इको शोधत बसत नाही, तळाच्या इकोकडं बघतो. चांगल्या जागी तो जेवढा उंच होता त्याच्या निम्मा झाला आणि मध्ये काहीच दिसत नाही, तर रायझरच्या (साच्याला जादा धातू पुरवणाऱ्या भागाच्या) खालचा तो भाग मला संशयास्पदच. यंत्र विकणारे रंगीत स्क्रीन दाखवून सांगतात की आता माणसाची गरज नाही. मला ते पटत नाही. साचा कसा भरला, रायझर कुठं होता, भेग पडलीच तर कोणत्या दिशेनं पडेल, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच प्रोब कुठं आणि कसा धरायचा ते कळतं.

शरीरात चित्र उलटं आहे. स्नायू आणि चरबी यांच्या सीमेवर जेमतेम एक टक्का ऊर्जा परतते, सोनोग्राफी या एवढ्याशा फरकांवर उभी आहे. हाड लागलं की जवळजवळ निम्मी परतते आणि त्याच्यामागं काळी सावली पडते. हवा लागली की खेळ खल्लास.

या दोन धंद्यांचं नातं वरवरचं नाही. धातूतले दोष ध्वनीनं शोधायची कल्पना लेनिनग्राडच्या सोकोलोव्ह यांनी १९२८ मध्ये मांडली. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या फायरस्टोन यांनी १९४० मध्ये स्पंद सोडून इको झेलणाऱ्या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढं १९५५ मध्ये ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड रेनफ्रूच्या बॉयलर कारखान्यात गेले. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी त्यांनी गाडीत घालून नेल्या होत्या आणि तुलनेला मटणाच्या दुकानातला असतो तसा बीफचा एक तुकडा. बॉयलरचे जोड तपासायच्या यंत्रावर त्यांनी ते सगळं लावून बघितलं. पाण्यानं भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे इको वेगळे आले. १९५८ मध्ये मॅकव्हिकर आणि इंजिनिअर टॉम ब्राऊन यांच्यासोबत त्यांनी हे काम 'लॅन्सेट'मध्ये छापलं. पोटातलं बाळ बघायची पद्धत बॉयलरच्या कारखान्यातून आली, हे मी प्रत्येक नव्या पोराला सांगतो.

कोल्हापूरला या यंत्राची दुसरी बाजूही माहीत आहे. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात आपल्या जिल्ह्यात हजार मुलग्यांमागं ८३९ मुली होत्या. १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा त्यावेळी पुस्तकात होताच. नंतर २०१० च्या सुमारास जिल्ह्यातल्या सोनोग्राफी यंत्रांवर 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाची नोंद ठेवणारी यंत्रणा बसवली गेली, तिची देशभर चर्चा झाली. लहरीला काय, ती जे आहे ते दाखवते.

आता तिसरा प्रश्न, तरंगलांबीचा. वेग भागिले फ्रिक्वेन्सी. पोलादात ४ मेगाहर्ट्झला ती दीड मिलिमीटर येते आणि साधारण तिच्या निम्म्यापेक्षा लहान दोष दिसेल अशी आशा धरू नये. मग फ्रिक्वेन्सी वाढवत का नाही? वाढवली की लहर लवकर दमते. शरीरात ढोबळ हिशोब असा की दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झला अर्धा डेसिबल जातो. साडेतीन मेगाहर्ट्झनं १५ सेंटिमीटर खोल जाऊन परत येताना ५२ डेसिबल गेले, म्हणजे लाख भागांतला एखादाच भाग परत पोहोचला. ग्रे आयर्नमध्ये पापुद्रे लहरीला आणखी पांगवतात आणि स्क्रीनच्या तळाशी नुसतं 'ग्रास', म्हणजे गवतासारखा बारीक इकोंचा गोंधळ, माजतं. तिथं १ किंवा २ मेगाहर्ट्झवर उतरावं लागतं. काँक्रीटमध्ये खडी मोठी, म्हणून तिथं ५४ किलोहर्ट्झ, तरंगलांबी सात-साडेसात सेंटिमीटर. डोळा उथळ आणि बारीक, म्हणून १० मेगाहर्ट्झ. मासे शोधायच्या यंत्रावर ५० आणि २०० किलोहर्ट्झ अशी दोन बटणं असतात, खोल पाण्यात पहिलं आणि किनाऱ्याजवळ दुसरं. बारीक बघायचं की खोल बघायचं, दोन्ही एकदम मिळत नाही. यंत्र कितीही महाग घ्या, ही तडजोड सुटत नाही.

वाकणाऱ्या लहरींबद्दल थोडं. थंडीत पहाटे कारखान्याचा भोंगा लांबलांबच्या गावांत ऐकू येतो, दुपारी तोच चार शेतांपलीकडं विरतो. रात्री जमीन गार होते, खालची हवा गार आणि वरची त्या मानानं उबदार. उबदार हवेत ध्वनीचा वेग जास्त, त्यामुळं वर गेलेली लहर खाली वाकून परत जमिनीकडं येते. दुपारी तापमान उलटं, लहर वर वाकून निघून जाते. समुद्रात तापमान आणि दाब मिळून एका खोलीवर वेग सर्वांत कमी असलेला पट्टा तयार होतो. त्यात सापडलेली लहर वरही जात नाही, खालीही जात नाही आणि हजारो किलोमीटर प्रवास करते. पाणबुडीच्या लपाछपीत हे सगळं येतं.

पृथ्वीच्या पोटातही तेच. भूकंपाची पहिली लहर, जिला पी म्हणतात, ती खडकातून जाणारा ध्वनीच आहे, वेग सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास. मागून येणारी एस लहर आडवी हलवते, वेग साडेतीन. आमच्या सरळ प्रोबमध्ये पहिल्या प्रकारची लहर असते आणि तिरप्या प्रोबमध्ये दुसऱ्या प्रकारची, पोलादात तिचा वेग ३,२५० च्या आसपास. कोयनानगर कोल्हापूरपासून सरळ रेषेत सुमारे ९० किलोमीटर. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथून निघालेल्या या दोन लहरी इथं पोहोचल्या त्यात दहा-अकरा सेकंदांचं अंतर पडलं असणार, गणित करून बघा. उलट बाजूनं, हे अंतर मोजून भूकंप किती लांब झाला ते काढतात. आडवी लहर द्रवातून जात नाही. ती पृथ्वीच्या बाहेरच्या गाभ्यातून पलीकडं निघत नाही, म्हणून तो गाभा द्रव आहे असं कळलं. आणि त्याच्याही आत वेगळा गाभा आहे, हे इंगे लेहमन यांनी १९३६ मध्ये नको त्या ठिकाणी आलेल्या इकोंवरून ओळखलं. आमच्या भाषेत ती पृथ्वीची अल्ट्रासोनिक तपासणीच.

सभागृहांचा विषय निघाला की मात्र मला थांबवत नाही, कारण आपल्याकडं मंगल कार्यालयं बांधताना हे गणित कोणी करत नाही आणि ते अगदी सोपं आहे. हार्वर्डच्या सबाइन यांना १८९५ मध्ये एक व्याख्यानगृह सुधारायला दिलं होतं, तिथं बोललेलं कळत नसे. रात्री जाऊन, गाद्या आणून टाकत त्यांनी मोजमापं केली आणि सूत्र काढलं: आवाज विरायला लागणारे सेकंद म्हणजे ०.१६१ गुणिले घनफळ भागिले एकूण शोषण. आता ३० मीटर लांब, १५ रुंद, ६ उंच असा हॉल घ्या. घनफळ २,७०० घनमीटर, भिंती, फरशी आणि छत मिळून १,४४० चौरस मीटर. टाइल्स आणि गुळगुळीत प्लास्टर जेमतेम तीन टक्के आवाज शोषतं, म्हणजे शोषण ४३. उत्तर येतं दहा सेकंद! दारं, खिडक्या, पडदे यामुळं प्रत्यक्षात एवढं होत नाही, पण रिकाम्या हॉलमध्ये नवरदेवाचं नाव का कळत नाही ते यावरून समजतं. ५०० माणसं येऊन बसली की प्रत्येकी ०.४५ धरून शोषण २६८ होतं आणि उत्तर १.६ सेकंदांवर येतं. भाषणाला साधारण एक सेकंद हवा.

शब्द कळत नाहीत म्हटलं की साऊंडवाला आवाज वाढवतो. त्यानं घुमणंही तेवढंच वाढतं, फायदा शून्य. स्पीकर लोकांच्या जवळ आणून आवाज कमी केला तर शब्द सुटे होतात. भिंतीला कापड चिकटवून लावण्यापेक्षा वीतभर अंतर सोडून जाड पडदा लावावा. ५०० हर्ट्झची तरंगलांबी ६९ सेंटिमीटर आणि तिच्या पाव अंतरावर, म्हणजे १७ सेंटिमीटरवर, हवेची हालचाल सर्वांत जास्त असते. कापड तिथं असेल तर खरं काम करतं. १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं आपलं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं तेव्हा सगळं शहर हळहळलं. असं नाट्यगृह पुन्हा उभारताना खुर्चीची गादीसुद्धा हिशोबात धरावी लागते. जाड गादीची रिकामी खुर्ची जवळपास बसलेल्या माणसाएवढाच आवाज शोषते, त्यामुळं तालमीला आणि हाऊसफुल प्रयोगाला आवाज सारखा राहतो. प्लास्टिकच्या खुर्च्यांत तो बदलत राहतो.

डॉल्बीचाही हिशोब इथंच उरकतो. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल घटतात. १० मीटरवर ११० असेल तर १६० मीटरवरही ८६ उरतात आणि २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ आहे. महाद्वार रोडसारख्या दोन्ही बाजूंनी इमारती असलेल्या रस्त्यावर तर ६ डेसिबलसुद्धा घटत नाहीत. बेसच्या ५० हर्ट्झ लहरीची लांबी जवळजवळ सात मीटर, तिला विटांची भिंत फारशी अडवत नाही, म्हणून खिडकी लावून काही होत नाही. आणि गणपतीत कानांची काळजी करणारे आम्हीच फाउंड्रीत नॉकआउटला (साचा फोडून कास्टिंग काढताना) आणि फेटलिंगला (ते घासून साफ करताना) इअरप्लग खिशात ठेवून उभे असतो. कारखाना नियमांत आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे. दर ३ डेसिबलला ऊर्जा दुप्पट होते एवढं ध्यानात ठेवा.

मोबाइलचं तुम्ही विचारलंत. स्पीकर सोडा, रेडिओ लहरी गाळायला फोनमध्ये जे बारीक फिल्टर असतात त्यांतल्या बऱ्याच फिल्टरांत स्फटिकाच्या पृष्ठभागावरून ध्वनीच पळत असतो. अशी पृष्ठभागावरची लहर रॅले यांनी १८८५ मध्ये गणितानं मांडली. १ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरीची लांबी ३० सेंटिमीटर, तीच कंपनं स्फटिकात ध्वनी झाली की ४ मायक्रोमीटर. म्हणून फिल्टर तांदळाच्या दाण्याहून लहान होतो. विद्युत आणि कंपन यांची ही अदलाबदल क्युरी बंधूंनी १८८० मध्ये शोधलेली, आमच्या प्रोबमध्येही तीच आहे. आणि अगदी लांब जायचं तर विश्वाच्या सुरुवातीच्या तापलेल्या वायूतही ध्वनिलहरी होत्या. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना त्या थिजल्या आणि त्यांची खूण आकाशगंगांच्या मांडणीत २००५ मध्ये सापडली.

आता पुढं काय करता येईल ते. एनडीटीमध्ये, म्हणजे वस्तू न तोडता आतून तपासायच्या आमच्या धंद्यात, फिजिक्सवाल्याला चांगली जागा आहे. प्रशिक्षणाचे तास, अनुभवाचे महिने आणि परीक्षा असं करत लेव्हल वन, टू, थ्री होता येतं. प्रमाणपत्र घेताना ते एसएनटी-टीसी-वनए प्रमाणं आहे की आयएसओ ९७१२ प्रमाणं, हे विचारा. पहिलं मालकानं दिलेलं असतं, नोकरी सोडली की ते बहुतेक ठिकाणी तसंच चालत नाही. शनिवार-रविवारच्या कोर्सवर लेव्हल टू हातात देणाऱ्यांपासून जपा. गरोदर स्त्रीची सोनोग्राफी कायद्यानं पात्र डॉक्टरांनीच करायची असते, ती वाट फिजिक्सवाल्याची नाही. पण त्या यंत्रांचे प्रोब आणि त्यातलं सिग्नलचं गणित हे तुमचंच क्षेत्र. संशोधनाकडं ओढा असेल तर समुद्रासाठी कोचीची नौदल प्रयोगशाळा किंवा गोव्याची समुद्रविज्ञान संस्था, भूकंपासाठी तर आपल्या शेजारी कराडलाच बोअरहोल जिओफिजिक्सची प्रयोगशाळा आहे. कोयना भागात तीन किलोमीटर खोल भोक पाडून त्यांनी काम केलं आहे. सभागृहांचं काम करणारे आपल्याकडं फारच थोडे, मला तरी तिथं बरीच मोकळी जागा दिसते.

गणितात फूरियर आणि संमिश्र संख्या नीट करा, बाकी कामावर शिकता येतं. प्रॅक्टिकलला अल्ट्रासोनिक इंटरफेरोमीटर असेल तर तो नुसता रीडिंग घेऊन सोडू नका. २ मेगाहर्ट्झला पाण्यात दोन शिखरांमधलं अंतर ०.३७ मिलिमीटर यायला हवं. मग पाण्यात मीठ घाला, साखर घाला, पाणी कोमट करा आणि वेग कुठं सरकतो ते बघा.

आणि एक प्रयोग घरचा. साध्या ताणलेल्या कातड्याचे सूर १, १.५९, २.१४, २.३० अशा वेड्यावाकड्या पटींत असतात. तबल्याची शाई त्यांना १, २, ३, ४ च्या जवळ आणते, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं. कुस्तीच्या मैदानात वाजणाऱ्या हलगीला शाई नसते. फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं फुकट ॲप घ्या, हलगीचा एक ठोका आणि तबल्याचा 'ना' रेकॉर्ड करा आणि शिखरांमधली अंतरं मोजा. तबल्यात ती साधारण सारखी येतील, हलगीत येणार नाहीत. हलगी शेकून पुन्हा घेतलीत तर सगळी शिखरं वर सरकलेली दिसतील. आकडे विचित्र आले तर फोन भिंतीपासून लांब नेऊन, शक्यतो गच्चीवर, परत घ्या. बंद खोलीचे स्वतःचे सूर मध्ये घुसतात.